एका शिताचा वैरी

कोणाचं भावकीशी वैर असतं, कोणाचं शेजाऱ्याशी. दोनाडकर सरांचं एका म्हणीशी होतं. शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण कोणी त्यांच्यासमोर उच्चारली की आधी त्यांचे कान लाल व्हायचे आणि मग तोंड सुटायचं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॉलेजच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नात. मांडवामागे चुली पेटल्या होत्या. आचाऱ्याने भाताच्या मोठ्या गंजावरचं झाकण सरकवलं, वरचं एक शीत बोटात चिरडलं आणि "झाला, बसवा पंगत" अशी हाळी दिली. पाहुण्यांत बसलेले सर ताडकन उठले. त्यांनी बाह्या सारल्या, आचाऱ्याच्या हातून सराटा घेतला आणि गंजाच्या तळापर्यंत खुपसला. एक शीत तळाचं, एक मधलं, एक वरचं. तिन्ही पत्रावळीवर ओळीने मांडली.

"महाराज, वरचं शिजलं. खालचं करपून राह्यलं. मधला अजून तांदूळच आहे. एका शितावर पंगत बसवता?"

"सर, जन्म गेला माझा भात शिजवण्यात."

"म्हणजे जन्मभर वरचंच शीत पाहिलं तुम्ही."

आचाऱ्याने सराटा हिसकून चुलीत टाकला आणि तो बिडी प्यायला निघून गेला. त्याला परत आणेस्तोवर वरपक्षाचे दोन मामा रुसले. भात खरोखरच मध्ये कच्चा होता, हे मी स्वतः खाऊन पाहिलं. पण त्याचं श्रेय सरांना कोणी दिलं नाही. खरं बोलणाऱ्याला पंगतीत शेवटची पत्रावळ मिळते, तशी त्यांनाही मिळाली.

दोनाडकर सर कुरखेड्याच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. एम.ए.च्या वर्गाला त्यांचा विषय होता संशोधन पद्धती. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात मुख्य लिपिक. आमच्या क्वार्टर्सची भिंत एकच. माझा संबंध हजेरीपटाशी आणि विद्यापीठाच्या पत्रांशी. संशोधनाशी माझं काही घेणंदेणं नव्हतं, पण ते भिंतीपलीकडे राहायचं, त्यामुळे कानावर आदळायचं.

त्यांच्यासमोर साधं वाक्य बोलायची चोरी होती. आमच्या ग्रंथपालबाई एकदा म्हणाल्या, "या तेलाने माझे केस गळायचे थांबले." सर लगेच, "तुलना कोणाशी? अर्ध्या डोक्याला लावलं होतं का?" कोणी म्हणालं की नातीचा पायगुण चांगला, ती जन्मली आणि जावयाची बदली झाली, तर सर बोट वर करायचे. "दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. एकीमुळे दुसरी झाली, हे कुठे सिद्ध झालं?" जावयाने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

एकदा वनरक्षक धापा टाकत कॉलेजात आला. नाल्याच्या पुलाजवळ वाघ तीनदा दिसला, पोरांना लवकर सोडा. प्राचार्य घंटा द्यायला निघाले, तर सरांनी त्यांना दारात अडवलं.

"वाघ तीन की एकच वाघ तीनदा?"

वनरक्षक रडकुंडीला आला. "सर, मी त्याले थांबवून इचारू काय?"

"दोन्हीत फरक आहे. एकच वाघ तीनदा पाहिला तर ते निरीक्षण एकच धरतात."

"मले तर एकदाच पुरला जी!"

घंटा मीच दिली. वाघाची मोजणी होत राहील, पोरं घरी गेलेली बरी.

मात्र हे सगळं ते स्वतःलाही लावायचे, म्हणून त्यांच्यावरचा राग टिकायचा नाही. कधी मी जेवायला बोलावलं तर पाटावर बसल्याबसल्या जाहीर करायचे, "गहाणेबाई, मला वांगं आवडत नाही. हा माझा पूर्वग्रह. तो सांगून ठेवला. आता वाढा." मग वांग्याची भाजी दोनदा घ्यायचे आणि म्हणायचे, "माझ्या पूर्वग्रहाविरुद्ध निष्कर्ष आला, त्यामुळे त्याचं वजन जास्त."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल स्टाफरूममध्ये कोणी छेडलं की उत्तर तयार असायचं. "एका औषधाचा गुण पाहायचा असेल तर काही रोग्यांना ते द्यायचं नसतं. त्याला नियंत्रण गट म्हणतात. तुम्ही सगळे लग्न करून बसलात. तुलनेला कोणी नको? मी नियंत्रण गट." सगळे हसायचे. मीही हसायचे. विनोद चांगलाच होता.

त्यांची पीएच.डी. मात्र विनोदाचा विषय झाली होती. विषय होता गावतलाव आणि गावातली मतं. आमच्याकडे जुने, माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, लोक आद्याक्षरांवरून त्यांना मामा तलाव म्हणतात. पावसानंतर त्या पाण्यावर दोघांचा डोळा असतो. धानवाले, म्हणजे भातशेतीवाले, म्हणतात पाणी शेताच्या बांधीत सोडा. मासे धरणारे म्हणतात ठेवा, नाहीतर मासोळी कुठी जगंल? कोण काय म्हणतं आणि का म्हणतं, ते सरांना शोधायचं होतं. त्यांनी नमुन्याला गावं निवडली. तीही चिठ्ठ्या टाकून, आणि चिठ्ठ्या मला उचलायला लावून, कारण त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास नव्हता. सगळ्यात शेवटी माझ्या हाताला लागलं बेहडाटोला. जंगलाच्या कडेला, एक तलाव, अर्धी घरं मासे धरणारी, अर्धी धानवाली.

इतर गावांतून प्रश्नावल्या आल्या तशा आल्या. कोणी अर्धी भरली, कोणी उलटी भरली, एकीवर लेकराने बैल काढला होता. सर खूश. "मतं अशीच यायला हवीत गहाणेबाई. वेडीवाकडी."

मग बेहडाटोल्याचा गठ्ठा आला. ते व्हरांड्यात तो चाळत बसले. मी पापड वाळत घालत होते. थोड्या वेळाने भिंतीपलीकडचा कागदांचा आवाज थांबला.

"बाई, जरा या."

सगळ्या प्रश्नावल्यांत उत्तरं एकच होती. एकसारखी नव्हे, शब्दाला शब्द तीच. 'तलावाचे पाणी प्रथम कोणासाठी असावे?' याला सरांनी दोन पर्याय दिले होते, शेती किंवा मासे. बेहडाटोल्याने दोन्ही सोडून खाली तिसरा लिहिला होता: 'देवाच्या दगडापर्यंत धानाचे. दगडाखालचे मासोळीचे.' प्रत्येक कागदावर. 'तुमच्या घरात निर्णय कोण घेते?' याला सगळीकडे उत्तर होतं, 'सभेत ठरते. बाकीचे घरची बाई.' वर सगळं अक्षर एकाच हाताचं, शाई एकाच पेनाची.

सर दुसऱ्याच दिवशी बेहडाटोल्याला गेले. मलाही नेलं, साक्षीला. तलावात अर्धा बुडालेला देवाचा दगड आधी दिसला, पाण्याची पातळी गाव त्यावरूनच धरायचं. तिथे अंगणवाडी सेविका शेवंताबाई भेटली. अक्षर तिचं होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता.

"सर, तुमी एवढे कागद देऊन गेले. आमी सभा बसवली ना. एकेक सवाल वाचला. दोन दिवस भांडलो जी. मंग ठरलं. अन् जे ठरलं ते मी सबन कागदावर लिवून देल्लं. कोणाचा चुकाले नाई पायजे."

सर कपाळाला हात लावून बसले. "बाई, मला सभेचं नको होतं. एकेकाचं वेगळं मत हवं होतं."

"काऊन? भांडणं लावाचे हायेत काय?"

आमच्या भागात काही गावांची ही रीत आहे. पाणी असो की मोहफुलं, प्रश्न आला की गाव बसतं, कितीही वेळ लागो. मतदान करत नाहीत, सगळ्यांचं होकारात येईपर्यंत बोलतात. आणि एकदा ठरलं की ते सगळ्यांचं. प्रश्नावलीचंही त्यांनी तेच केलं. पाहुण्याला काम नीट करून दिलं.

सरांच्या मार्गदर्शकांनी फोनवरच निकाल दिला. गाव वगळा. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याने त्याहून सोपा उपाय सुचवला. "थोडं वरखाली करा ना. पाचदहा ठिकाणी शेती, पाचदहा ठिकाणी मासे. कोणाला कळणार?" सरांनी त्या दिवसापासून त्याच्या हातचा चहा बंद केला. मला म्हणाले, "आवडलं नाही म्हणून टाकून द्यायचं असेल तर लोकांना विचारायचं कशाला? घरीच बसून लिहावं."

गाव त्यांनी ठेवलं. त्यावर एक प्रकरण नव्याने लिहिलं. इतर गावांत मोजायचं एकक कुटुंब आहे, इथे एकक गाव आहे, असा त्याचा सारांश. मला ते पटलं, कारण मी तिथे जाऊन आले होते. जो गेला नाही त्याला ते पटावं असं काही त्यात नव्हतं.

आणि तसंच झालं. बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आमच्या ऑफिसात आला, तो मीच टेबलावरून उचलला. बेहडाटोल्याच्या प्रश्नावल्या उमेदवाराने स्वतः भरल्याचा संशय येतो, तोंडी परीक्षेत समाधान न झाल्यास प्रबंध नाकारण्याची शिफारस करावी लागेल. नोंदणीची मुदत संपत आली होती, दुसरी संधी नव्हती. पण मला भीती पदवीची नव्हती. जन्मभर लोकांना 'पुरावा काय?' विचारणाऱ्या माणसावर बनावट कागद केल्याचा शिक्का बसला असता, आणि तो घेऊन त्याच वर्गात संशोधन पद्धती शिकवायची असती.

संध्याकाळी तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. शेजारी असूनही त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर एक छोटं पातेलं होतं, मूठभर तांदूळ रटरटत होता. सरांनी अहवाल वाचला, घडी घातली आणि पातेलं उतरवून सरळ ताटात पालथं केलं.

"तपासलं नाही?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"एवढ्याशा भातात थर कुठले, बाई?"

मी घरी आले. माझ्याकडे त्या दिवशी दोघी सुना, नातवंडं, पाहुणे. भात दोनदा लावावा लागला होता.

तोंडी परीक्षेची सूचना विद्यापीठाकडून आली. ती फलकावर लावणं माझं काम. तिच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं, 'सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे.' हे वाक्य मी अनेक वर्षं फलकावर लावत आले, कोणी इच्छुक आलेलं पाहिलं नाही. बाजाराच्या दिवशी शेवंताबाई मिरच्या घेताना भेटली. मी तिला सगळं सांगितलं, सूचनेतलं ते वाक्यही वाचून दाखवलं. तिने मिरच्या तशाच ठेवल्या.

"म्हंजे आमचे कागद खोटे म्हून राह्यले?"

"सरांनी भरले म्हणतात."

"माह्यं अक्षर सरांचं?" हा अपमान तिला जास्त लागला. "सभेले बसा लागते," एवढंच म्हणाली आणि गेली.

परीक्षेच्या दिवशी मी विद्यापीठात माझ्या फायली घेऊन गेलेच होते, त्यामुळे सभागृहात मागे बसले. परीक्षक पश्चिम महाराष्ट्रातले, मृदू आवाजाचे, पण फटीत पाचर ठोकावी तसा प्रश्न विचारणारे. बाकी सगळं झाल्यावर त्यांनी बेहडाटोल्याचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मासे धरणारा आणि शेती करणारा, दोघांचं हित वेगळं. उत्तर मात्र शब्दाला शब्द एक. अक्षरही एक. सगळं गाव बसून ठरवतं, असं तुम्ही लिहिता. याला पुरावा काय?"

सर प्रबंधाची पानं उलटू लागले. स्वतःचाच प्रश्न समोरून आल्यावर माणसाचं काय होतं ते मी पाहिलं. कानसुद्धा लाल झाले नाहीत, पांढरे पडले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. दोन काळीपिवळ्या जीपा भरून माणसं उतरली होती. धोतरं, नऊवाऱ्या, एकाच्या खांद्यावर अजून जाळं. शेवंताबाई पुढे.

"पुरावा मागं बसून राह्यला ना साहेब," ती म्हणाली आणि रिकाम्या खुर्च्या दिसत असूनही सगळे खाली बसले. "गाडीले उशीर झाला."

परीक्षा समितीचे अध्यक्ष त्यांना बाहेर काढायला शिपाई शोधू लागले. मी उठून त्यांना सूचनेची शेवटची ओळ दाखवली. सर्व इच्छुकांनी. त्यांनी ती वाचली आणि ते बसले. ऑफिसातल्या कागदांचा असा उपयोग रोज होत नाही.

परीक्षक मात्र चांगला माणूस. त्यांच्या डोळ्यात एकदम चमक आली. जाळंवाल्या म्हाताऱ्याला, भिवाभाऊंना, त्यांनी विचारलं, "बाबा, तुमच्या तलावातला गाळ काढला, तर तो कोणाला मिळावा?"

"मी एकटा कसा सांगू जी? बसा लागन."

"तुमचं स्वतःचं काही मत असेल ना?"

"हाय ना. पन ते सभेत सांगीन. तुमाले कायले सांगू?"

सभागृहात हशा झाला. परीक्षक म्हणाले, "मग बसा. बाहेर व्हरांड्यात बसा. ठरलं की या."

ती व्हरांड्यातली सभा विद्यापीठ लवकर विसरणार नाही. धानवाले म्हणाले गाळ आमचा, शेताला खत. मासेवाले म्हणाले, आम्ही आयुष्यभर त्यात कमरेपर्यंत उभे राहिलो, आमचा कसा नाही? सखूबाई नावाची एक म्हातारी एका जवान शेतकऱ्याला म्हणाली, "तुह्या बापाले पोहता येत नोतं, माह्या नवऱ्यानं काढला त्याले त्याच गाळातून, नाईतर तू कुठी असता?" कुलसचिवांच्या कार्यालयातले कारकून दारात जमले. परीक्षक खुर्ची घेऊन कडेला बसले होते, हनुवटीवर हात ठेवून. बाकी सगळ्यांची दुपारची जेवणं तशीच राहिली.

आवाज चढले, मग उतरले, मग फक्त माना हलू लागल्या. शेवंताबाई उठली. "ठरलं."

परीक्षकांनी हुशारी केली. तिला बोलू दिलं नाही. एकेकाला आत बोलावून दार लावलं. पहिला म्हणाला, "ज्याले पायजे त्यानं गाळ न्यावा, पन नेनाऱ्यानं मासोळीचा डोह खोदू लागावं." दुसरा तेच. भिवाभाऊ तेच. ज्याला सखूबाईने बाप काढून सुनावलं होतं तो जवानही तेच, शब्दाला शब्द. शेवटी सखूबाई आली आणि तिनेही तेच म्हटलं.

"आजी, तुम्ही तर बाहेर विरोधात होता."

"अजून हावच. मले नाई पटलं." म्हातारी पदर सारखा करत म्हणाली. "पन ठरलं ना! ठरलं म्हंजे माह्यं बी तेच."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग सरांकडे वळले. "प्राध्यापक, म्हणजे या गावात तुमचा नमुना एकच."

"एकच," सर म्हणाले. आवाज परत आला होता. "प्रबंधात तसंच लिहिलं आहे. आणि एका गावावरून दुसऱ्या गावाबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, हेही लिहिलं आहे. मर्यादांच्या प्रकरणात."

जिंकतानाही माणूस मर्यादा सांगत होता. परीक्षक उठले, त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "डॉक्टर दोनाडकर, माझा संशय मी मागे घेतो. आणि हे प्रकरण मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला लावणार आहे." बेहडाटोल्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवंताबाईने आधी विचारलं, "सायेब, अक्षर माह्यंच हाय, हे लिवलं काय?" ते लिहिल्याचं तिला दाखवल्यावर मग टाळ्या झाल्या, आणि अशा झाल्या की खिडक्यांच्या काचा वाजल्या. येताना सर काळीपिवळीत त्यांच्यामध्येच बसून आले. जाळं मांडीवर.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी देवाच्या दगडाखाली गेलं की बेहडाटोला मासे धरतो. सगळं गाव पाण्यात उतरतं, मग काठावर घराघराचे ढीग लावतात. आम्हाला दोघांना बोलावणं होतं. मी पिशवी घेऊन गेले होते, मी कुठेही पिशवी घेऊनच जाते. ढीग लावून झाले. कडेचा एक ढीग तसाच राहिला, वर एक मोठी मरळ.

"हा कोणाचा?" सरांनी विचारलं.

"तुमचा," शेवंताबाई म्हणाली. "दर साली तुमचा ढीग निंगन. सभेत ठरलं."

"मी गावचा नाही, बाई. मी तर..." ते पुढचं शोधू लागले. नमुना, पूर्वग्रह, काहीतरी. "मी नियंत्रण गट आहे," असं पुटपुटले शेवटी. तिला ते कळलं नाही, आणि कळायची तिला गरजही वाटली नाही.

"ठरलं ना, सर. आता तुमच्या एकट्याच्या नाई म्हन्यानं का होते?"

सर ढिगासमोर उकिडवे बसले. वाद घातला नाही.

आंब्याखाली चुलाण पेटलं होतं. गंजभर भात शिजत होता, शिपायाच्या मुलीच्या लग्नातल्यापेक्षा मोठा गंज. भिवाभाऊंनी झाकण काढलं, आणि सरांची ख्याती तिथवर पोचली असणार, कारण त्यांनी सराटा सरळ सरांपुढे धरला. "घ्या सर. तळापासून पाहा."

मी म्हटलं, आता पंगत उशिरा बसणार.

सरांनी सराटा घेतला नाही. वाफेत हात घालून वरचं एक शीत उचललं, बोटात दाबलं.

"शिजला," ते म्हणाले, आणि जाऊन गावाच्या ओळीत बसले.